१५.७० लाख कोटींत हदगाव कुठे आहे?

पेटची तयारी चालू आहे, सिनॉप्सिस लिहायला घेतलाय आणि विषय ठरलाय, "थेट परकीय गुंतवणूक आणि मराठवाड्याचा विकास". तुमचं असं असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. विषय चांगला आहे, तो सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे हा विषय ज्या पद्धतीने लिहिला जातो ती पद्धत मला पटत नाही. का पटत नाही, ते आज जरा सविस्तर मांडते.

ती पद्धत तुम्हालाही पाठ असेल. पहिल्या प्रकरणात परकीय गुंतवणुकीचा अर्थ, प्रकार आणि १९९१ चं धोरण. दुसऱ्यात पूर्वीच्या अभ्यासांचा आढावा. तिसऱ्यात केंद्र सरकारच्या आकडेवारीचे तक्ते. चौथ्यात गुंतवणूक आणि राज्याचं उत्पन्न यांचा सहसंबंध. पाचव्यात शिफारशी: पायाभूत सुविधा वाढवाव्यात, एक खिडकी योजना प्रभावीपणे राबवावी, कुशल मनुष्यबळ तयार करावं. झाला प्रबंध.

आता एक करून बघा. अशा प्रबंधातला "मराठवाडा" हा शब्द खोडा आणि तिथे "विदर्भ" किंवा "बुंदेलखंड" लिहा. आतलं काही बदलतं का? बदलत नसेल, तर तो प्रबंध मराठवाड्याबद्दल नव्हताच. मी याला मनातल्या मनात "हदगाव चाचणी" म्हणते. नांदेड जिल्ह्यातला हा तालुका, नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरचा. कापूस, सोयाबीन, हळद पिकवणारा. परकीय गुंतवणुकीबद्दलचं कोणतंही मोठं विधान हदगावच्या बसस्टँडवर उभं राहून वाचलं तर त्याचा काही अर्थ लागतो का, एवढीच ही चाचणी.

तीन आकडे, तीन वेगळ्या गोष्टी

सुरुवात आकड्यांपासून करू, कारण पहिला घोळ तिथेच होतो.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत "मॅग्नेटिक महाराष्ट्र" परिषद झाली. ४,१०६ सामंजस्य करार झाले, रक्कम सांगितली गेली १२.१० लाख कोटी रुपये. जानेवारी २०२५ मध्ये दाव्होसला राज्याने केलेल्या करारांची एकूण रक्कम साधारण १५.७० लाख कोटी रुपये होती. हे आकडे पेपरात पहिल्या पानावर येतात आणि तिथून थेट प्रबंधाच्या प्रस्तावनेत येतात.

सामंजस्य करार म्हणजे इरादा. तो मोडला म्हणून कोणी कोर्टात जात नाही. शिवाय दाव्होसचे सगळे करार परकीय कंपन्यांशी झाले असं जर तुम्ही धरून चालला असाल, तर यादी एकदा वाचा. २०२५ च्या यादीतली दोन सर्वांत मोठी नावं रिलायन्स आणि जेएसडब्ल्यू ही आहेत. दोघांचेही करार साधारण तीन-तीन लाख कोटींचे. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांनी स्वित्झर्लंडमध्ये जाऊन मुंबईच्याच सरकारशी करार करण्यात बेकायदा काही नाही. पण तो आकडा "परकीय गुंतवणूक" या मथळ्याखाली लिहिणं ही साधी चूक आहे, आणि आरआरसीत एखाद्या सदस्याने विचारलं तर उत्तर देता येणार नाही.

दुसरा आकडा प्रत्यक्ष आलेल्या समभाग गुंतवणुकीचा. तो केंद्राचा उद्योग संवर्धन विभाग, म्हणजे डीपीआयआयटी, दर तिमाहीला प्रसिद्ध करतो. २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या समभाग गुंतवणुकीपैकी ३९ टक्के महाराष्ट्रात आली, म्हणजे १९ अब्ज डॉलरच्या वर, रुपयांत साधारण १.६ लाख कोटी. दाव्होसच्या आकड्याच्या जवळपास एक दशांश. लगेच "सरकार खोटं बोलतं" असं लिहू नका. करार अनेक वर्षांसाठी असतात, त्यात कर्जाचा पैसाही धरलेला असतो आणि देशी कंपन्याही असतात. हा दुसरा आकडा एका वर्षाचा आहे आणि फक्त समभागांचा आहे. दोन्हींची तुलनाच करता येत नाही, आणि नेमकी तीच तुलना आपण करत बसतो. कौतुक करणारे आणि टीका करणारे, दोघंही.

तिसरा आकडा उभ्या राहिलेल्या कारखान्यांचा. हा आकडा दुसऱ्यापासूनही वेगळा असतो, कारण परकीय पैसा आला म्हणजे नवी भिंत उभी राहिली असं नाही. पुण्याजवळच्या तळेगावचं उदाहरण घ्या. जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं. तो कारखाना घ्यायला चीनची ग्रेट वॉल मोटर्स पुढे आली. जून २०२० मध्ये राज्य सरकारशी तिचा ३,७७० कोटींचा सामंजस्य करारही झाला होता. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने "प्रेस नोट ३" काढून शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली होती. ती परवानगी मिळाली नाही आणि व्यवहार २०२२ मध्ये संपला. शेवटी ह्युंदाईने हा कारखाना घेतला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. एकाच जागेवर तीन परकीय कंपन्या, एक निष्फळ करार आणि एक मालकीबदल. यातलं "नवीन" काय आणि "आलं" काय, हे ठरवल्याशिवाय तक्ता भरता येत नाही.

तक्त्यात जिल्हा नाही

आता दुसऱ्या आकड्याकडे परत येऊ, कारण बहुतेक प्रबंध त्याच्यावर उभे असतात.

ऑक्टोबर २०१९ पूर्वी ही आकडेवारी राज्यनिहाय नव्हतीच. रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयांनुसार ती दिली जायची. मुंबई कार्यालयाच्या खात्यात महाराष्ट्रासोबत दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवही मोजले जायचे. म्हणून २००० पासून २०२५ पर्यंत एक सलग रेघ काढून तिला "महाराष्ट्रातील गुंतवणूक" असं नाव दिलेला आलेख दिसला की मला पुढचं वाचावंसं वाटत नाही. रेघेच्या मधोमध मोजण्याची पद्धतच बदललेली आहे.

राज्यनिहाय आकडे आल्यानंतरही एक अडचण राहते. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईत आणि कामकाज दुसरीकडे, हे आपल्याकडे सर्रास असतं. परकीय पैसा सर्वांत जास्त जातो तो सेवाक्षेत्रात आणि संगणक क्षेत्रात. त्यामुळे ३९ टक्क्यांतला किती पैसा नरिमन पॉइंटच्या पत्त्यावर उतरला आणि किती बाहेर गेला, हे त्या तक्त्यातून कळत नाही. आणि त्यात जिल्ह्याचा रकाना नाही. तालुक्याचा तर प्रश्नच नाही.

मग "मराठवाड्यातील परकीय गुंतवणूक" असा तक्ता प्रबंधात कुठून येतो? बहुतेक वेळा राज्याचा आकडा लोकसंख्येच्या किंवा उत्पन्नाच्या प्रमाणात वाटून. हे म्हणजे घरातल्या एकाच्या पगाराला माणसांच्या संख्येने भागून प्रत्येकजण कमावतो असं म्हणण्यासारखं झालं. असमतोल मोजायला निघालेल्या अभ्यासाने आधीच समतोल गृहीत धरलेला असतो.

हे केवळ तांत्रिक खुसपट नाही. महाराष्ट्रात प्रादेशिक असमतोलाचा वाद आकड्यांवरच लढला गेलाय. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. प्रदेशाच्या बाजूने हिशोब ठेवणारी ही घटनात्मक व्यवस्था थांबलेली असताना तो हिशोब ठेवण्याचं काम विद्यापीठांकडे येतं. तिथेही राज्याचाच आकडा मराठवाड्याच्या नावाने छापला गेला, तर मागणी कशाच्या आधारावर करायची?

सवलत दिली की कंपनी येते?

पाचव्या प्रकरणातली आवडती शिफारस म्हणजे "मागास भागात अधिक सवलती द्याव्यात". ती वाचताना वाटतं की आजवर कोणी दिल्याच नव्हत्या. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. दर काही वर्षांनी ती नव्याने येते. तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पडतात, आणि जितका मागास तालुका तितकी सवलत जास्त, जितका मागास तालुका तितकी मोठ्या प्रकल्पासाठीची गुंतवणुकीची अट खाली. साठ वर्षांचा हा प्रयोग आहे. त्याचा निकाल न तपासता अजून सवलत मागणं याला शिफारस म्हणता येत नाही.

अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक यांनी यासाठी एक सरळ प्रश्न वापरला: ही सवलत नसती तर ती कंपनी आली नसती का? २०१८ मध्ये त्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन अंदाज काढला की सवलत मिळालेल्या कंपन्यांपैकी साधारण २ ते २५ टक्के कंपन्यांचाच निर्णय सवलतीमुळे फिरला असावा. बाकीच्या तशाही आल्या असत्या. हा अंदाज अमेरिकेचा आहे, तो जसाच्या तसा नांदेडला लावू नका. प्रश्न मात्र उचला.

आणि हा प्रश्न तपासायला आपल्याकडे एक सुंदर जागा आहे. हदगावहून राष्ट्रीय महामार्गाने नांदेडला निघालात तर मध्ये वारंगा फाटा लागतो. तो कळमनुरी तालुक्यात, म्हणजे हिंगोली जिल्ह्यात. आपल्याच जिल्ह्याच्या गावाला जाताना दुसरा जिल्हा ओलांडावा लागतो. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हिंगोली या सवलत योजनेत "विनाउद्योग जिल्हा" म्हणून वेगळा धरला गेला आणि त्याला खास वरची सवलत मिळाली. म्हणजे रस्त्याच्या अलीकडे एक सवलत आणि पलीकडे दुसरी. जमीन सारखीच काळी, पीक तेच, ईसापूर धरणाचं पाणी दोन्हीकडे, बंदरापासूनचं अंतरही जवळपास सारखं. फरक आहे तो जिल्ह्याच्या नावाचा आणि त्यासोबत येणाऱ्या सवलतीचा.

संशोधनपद्धतीच्या पेपरात "सीमावर्ती तुलना" वाचली असेल. ती हीच. कळमनुरी आणि हदगाव या दोन तालुक्यांत गेल्या वीस वर्षांत किती कारखाने नोंदले गेले, किती औद्योगिक वीजजोडण्या झाल्या, हे शेजारी-शेजारी मांडा. सवलतीत दम असेल तर सीमेच्या पलीकडे फरक दिसायला हवा. दिसला नाही, तर अडचण सवलतीच्या पलीकडे कुठेतरी आहे असं म्हणायला तुमच्या हातात काहीतरी असेल. दोन्हींपैकी कोणताही निकाल आला तरी तो छापण्यासारखा आहे.

सवलतीच्या आत शिरलात तर अजून एक गोष्ट सापडेल. २०१९ च्या योजनेतलं मुख्य अनुदान राज्याच्या जीएसटीशी जोडलेलं आहे: राज्यात झालेल्या पहिल्या विक्रीवरच्या करातून ते परत मिळतं. आता एखाद्या कंपनीने हदगावात हळदीवर प्रक्रिया करून सगळा माल युरोपला पाठवायचं ठरवलं तर? निर्यातीवर जीएसटी शून्य. राज्यात विक्रीच नाही तर त्या रस्त्याने अनुदान कशाचं मिळणार? स्थानिक माल घेऊन जगात विकणारी कंपनी आपल्याला हवी असं म्हणायचं, आणि मुख्य अनुदान राज्यात विकणाऱ्याला सोयीचं ठेवायचं. ही विसंगती शासन निर्णयाची प्रत शांतपणे वाचणाऱ्यालाच दिसते. म्हणून सांगते, पेपरातल्या बातमीवर थांबू नका, मूळ शासन निर्णय वाचा.

मराठवाड्यात कोण आलं, आणि कशामुळे?

परकीय कंपन्या मराठवाड्यात आल्याच नाहीत असं नाही. तीन उदाहरणं बघू.

जालना. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. चौतीस वर्षांनी, १९९८ मध्ये, अमेरिकेच्या मॉन्सँटोने तिचे २६ टक्के समभाग घेतले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढे ते तंत्रज्ञान हदगावच्या शेतातही आलं. मॉन्सँटो रिकाम्या प्लॉटवर आली नाही. बियाणं पैदा करणारे शेतकरी, विक्रेते, प्रयोगशाळा असलेलं एक घर आधीच उभं होतं, त्यात ती वाटेकरी झाली.

छत्रपती संभाजीनगर. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे लहान कारखानदार तयार झाले. २००१ मध्ये स्कोडाने शेंद्र्यात मोटारींची जुळणी सुरू केली. मध्ये सोळा वर्षं गेली. आज ऑरिक सिटीत दक्षिण कोरियाची ह्योसंग आहे, बिडकीनसाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केलाय. तो अजून इराद्याच्याच रकान्यात लिहायचा, हे आता सांगायला नको.

लातूर. रेल्वेच्या डबा कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ ला झाली आणि २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. पण कारखान्याला मोठं काम मिळालं ते सप्टेंबर २०२३ च्या करारानेच. रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग आणि आपलं रेल विकास निगम यांच्या भागीदारीतली किनेट ही कंपनी वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचे १२० संच, म्हणजे १,९२० डबे, इथे बांधणार असा तो करार. नंतर आराखड्यावरून, स्वच्छतागृहं किती आणि पँट्री हवी की नको यावरून, तो रेंगाळला. रशियन कंपनी लातूरला का आली? सरकारने शेड बांधून ठेवली होती, आणि गाड्यांचा ग्राहकही सरकारच होतं. लातूरच्या बाजारात तिला काही मिळणार होतं म्हणून ती आली नाही.

यावरून काय दिसतं? जालन्यात आणि संभाजीनगरात आधी स्थानिक किंवा देशी उद्योग मुरला, परकीय भागीदार मागाहून आला. लातूरमध्ये ती जागा सरकारने भरून काढली. "परकीय कंपनी येईल आणि मग विकास होईल" हा क्रम तिन्हींपैकी एकाही ठिकाणी दिसत नाही.

आता थांबा. मी तीन यशस्वी उदाहरणं निवडली आणि त्यांच्यावरून नियम काढला. ही पद्धत चालेल का? नाही चालणार. निकाल बघून नमुना निवडणं हा संशोधनातला जुना दोष आहे. म्हणून माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारं एक उदाहरण मुद्दाम घेऊ: आंध्र प्रदेशातलं अनंतपूर. दुष्काळी जिल्हा, मोटारउद्योगाचा गंध नाही. तरी २०१७ मध्ये कियाने तिथल्या पेनुकोंड्याजवळ १.१ अब्ज डॉलरचा कारखाना जाहीर केला आणि २०१९ मध्ये तो सुरूही झाला. मग माझं म्हणणं कोसळलं का?

थोडं कोसळलं, थोडं उभं राहिलं. पेनुकोंडा बंगळुरूपासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, बंगळुरू-हैदराबाद महामार्गाजवळ. कियाची मोठी बहीण ह्युंदाई १९९८ पासून चेन्नईजवळ मोटारी बनवतेय, त्यामुळे पुरवठादारांची फळी दक्षिणेत तयार होती. आणि राज्य सरकारने गोल्लापल्ली जलाशयातून पाणी आणून दिलं. म्हणजे मुरलेला उद्योग त्याच तालुक्यात असावा असं नाही, पोहोचण्याच्या अंतरात असला तरी चालतं. माझं विधान मला एवढं दुरुस्त करावं लागतं. हदगावपासून असं काय पोहोचण्याच्या अंतरात आहे, हा मग खरा प्रश्न होतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झालाय आणि अजून पूर्ण व्हायचाय. आणि पाण्याचं म्हणाल, तर ईसापूरचं पाणी हळदीला, केळीला, उसाला आधीच वाटून दिलेलं आहे. उद्या कोणी मोठा प्रकल्प पाणी मागत आला तर ते कोणाच्या पाळीतून जाईल? "पायाभूत सुविधा वाढवाव्यात" या एका ओळीच्या शिफारशीत हे भांडण झाकून जातं.

कंपनी इथून काय विकत घेणार?

समजा कंपनी आलीच. त्याने आपलं भलं होतं का? इथे दोन अभ्यास वाचाच.

१९९९ मध्ये ब्रायन एटकेन आणि ॲन हॅरिसन यांनी व्हेनेझुएलाच्या कारखान्यांची आकडेवारी तपासली. त्यांना दिसलं की परकीय गुंतवणूक वाढली तसं त्याच उद्योगातल्या देशी कारखान्यांची उत्पादकता घटली, कारण बाजार परकीय कंपन्यांनी ओढून घेतला. २००४ मध्ये बियाटा यावोर्चिक यांनी लिथुएनियाचा अभ्यास केला. त्यांना उलटं सापडलं, पण वेगळ्या जागी: परकीय कंपन्यांना माल पुरवणाऱ्या देशी उद्योगांची उत्पादकता वाढली होती. आणि हा फायदा दिसला तो स्थानिक भागीदार असलेल्या कंपन्यांकडून, शंभर टक्के परकीय मालकीच्या कंपन्यांकडून नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की कळतं, फायदा पोहोचतो तो खरेदीच्या साखळीतून. कंपनी इथे किती रुपये "आणते" यापेक्षा इथून किती रुपयांचं विकत घेते, ते महत्त्वाचं. लातूरच्या कारखान्याबद्दल प्रबंध लिहायचा असेल तर पहिला प्रश्न हाच ठेवा: डब्यातला कोणता भाग शंभर किलोमीटरच्या आतून येणार आहे?

हदगावसाठी हा प्रश्न हळदीचा आहे. इथली हळद शेतकरी शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि नांदेड, वसमत, हिंगोलीच्या बाजारात नेतो. तिथून ती हळकुंडाच्याच रूपात पुढे जाते. मसाल्यांचा अर्क काढण्याचा धंदा मात्र देशात मुरला तो केरळात, एर्नाकुलम जिल्ह्यात. सिंथाइट ही तिथली कंपनी १९७२ ची. तिथल्याच कँकोरमध्ये पुढे फ्रान्सच्या माने कंपनीने भागीदारी घेतली. पुन्हा तोच क्रम: आधी स्थानिक हात बसला, मग परकीय भांडवल आलं. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे चांगलंच आहे. पण मानांकनासोबत अवशेष तपासणारी प्रयोगशाळा, कोणत्या शेतातून कोणता लॉट आला याची नोंद, साठवणुकीची गोदामं हे असेल तरच परदेशी खरेदीदार दारात येतो.

आणि तो गुंतवणूकदार म्हणूनच येईल असं नाही. अंकटाडचा २०११ चा जागतिक गुंतवणूक अहवाल याच विषयावर आहे: समभाग न घेता, नुसत्या कराराने, परवान्याने, करारशेतीने कंपन्या जगभर उत्पादन कसं करून घेतात. अशी कंपनी डीपीआयआयटीच्या तक्त्यात कधीच दिसणार नाही. हदगावात परकीय भांडवल कारखान्याच्या आधी बियाण्याच्या पाकिटातून आलं आणि कदाचित खरेदीच्या करारातून येईल. समभागांच्या तक्त्याकडे बघत बसणाऱ्या अभ्यासाला दोन्ही दिसणार नाहीत. त्या करारात भाव कोण ठरवतो, माल नाकारला तर तोटा कोणाचा, हे विचारणारंही मग कोणी उरत नाही.

मग सिनॉप्सिस कसा लिहायचा?

विषय लहान करा. "मराठवाडा" ऐवजी दोन तालुके किंवा एक कारखाना किंवा एक पीक घ्या. गाईड म्हणतील, एवढ्या छोट्या विषयावर पीएचडी होते का? नम्रपणे सांगा की मोठ्या विषयासाठी आकडेवारीच उपलब्ध नाही, आणि वरचा जिल्ह्याच्या रकान्याचा मुद्दा दाखवा.

आकडे कुठे मिळतील? जिल्हा उद्योग केंद्रात जा. उद्यम नोंदणी २०२० पासून आहे, पण तिथे नोंद झाली म्हणजे धंदा सुरू आहे असं नाही, एवढं लक्षात ठेवा. कारखाना कायद्याखालची यादी मागा. महावितरणच्या औद्योगिक जोडण्या मागा, कारण वीजबिल बंद कारखाना लपवू देत नाही. कंपनी कामकाज मंत्रालयाकडे कंपन्यांनी भरलेले ताळेबंद थोडी फी भरून पाहता येतात, त्यात परकीय भागधारक कळतात. जे मिळणार नाही ते माहितीच्या अधिकारात मागा आणि नकार आला तर तो परिशिष्टात जोडा. बाजार समितीत आडत्यांशी बोला. शंभर जणांना "परकीय गुंतवणुकीमुळे विकास होतो असे आपणास वाटते का? पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ" असली प्रश्नावली वाटू नका. ज्याने परकीय कंपनी पाहिलेलीच नाही त्याचं मत मोजून काय हाती लागणार?

सरकारची बाजूही न्यायाने मांडा. करारांच्या परिषदा निव्वळ देखावा आहेत असं मी म्हणत नाही. राज्या-राज्यांत चढाओढ असताना दार उघडं आहे हे सांगावं लागतं, आणि त्यातले काही करार प्रत्यक्षात येतात. सवलतही काठावरच्या कंपनीला इकडे ढकलू शकते. पण किती करार आले, कुठे आले, किती वेळाने आले, हे तालुक्याच्या पातळीवर मोजलेलं नसताना यश किंवा अपयश दोन्ही म्हणता येत नाही. ते मोजणं हे आपलं काम आहे.

सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिपवर तुमच्यातले बरेचजण पाच वर्षं काढणार आहात. तो सार्वजनिक पैसा आहे, सवलतींचाही सार्वजनिकच आहे. त्या पाच वर्षांनंतर हदगावच्या एखाद्या सरपंचाने किंवा बाजार समितीच्या संचालकाने तुमचा प्रबंध हातात घेतला, तर आपल्या तालुक्याबद्दल त्याला आधी माहीत नसलेली निदान एक गोष्ट त्यात सापडली पाहिजे. विषयाचं नाव लिहून झालं की ती एक गोष्ट कोणती असेल, ते वहीत खाली एका वाक्यात लिहा. लिहिता आलं नाही तर आरआरसीच्या तारखेआधी विषय बदलायला अजून वेळ आहे.